टोकियोत सेकंडहँड डिझायनर बॅग घेताना: आधी आत बघा, मग बाहेर

२०१८ साली मी टोकियोहून एक जुनी ब्रँडेड बॅग आणली. ब्रँडचं नाव राहू दे, चूक त्यांची नव्हती आणि दुकानाचीही नव्हती. नव्वदच्या दशकातली, खांद्यावर घ्यायची, बाहेरून एक ओरखडा नाही. डोंबिवलीत आणली, दोन लग्नांत मिरवली आणि कपाटात ठेवून दिली. पुढच्या वर्षी जुलैत बाहेर काढून आतल्या खिशात हात घातला, तर बोटं चिकटली. फणसाच्या चिकाला लागावीत तशी. खिशाचं अस्तर विरघळून काळपट लगदा झालं होतं आणि त्यात माझं एक जुनं रेल्वेचं तिकीट कायमचं रुतलं होतं.

खरी गंमत नंतर कळली. बॅगेबरोबरचा किमतीचा टॅग मी आठवण म्हणून जपून ठेवला होता. टोकियोतल्या निशी-कासाईला राहणाऱ्या माझ्या मामेभावाच्या बायकोला त्याचा फोटो पाठवला. वहिनींना जपानी चांगलं येतं. त्यांचं उत्तर आलं: "ताई, यात स्पष्ट लिहिलंय की आतल्या खिशाला चिकटपणा आहे." दुकानदाराने काहीच लपवलं नव्हतं. मीच वाचलं नव्हतं.

२०२५ च्या नोव्हेंबरमध्ये दुसऱ्यांदा गेले तेव्हा वहिनींना बरोबर घेऊन नीट, पद्धतशीर खरेदी केली. त्या दोन फेऱ्यांतून जे कळलं ते इथे क्रमाने लिहिते.

जपानच का, हे आधी दोन ओळींत. लुई व्हितॉ या फ्रेंच ब्रँडने जपानमध्ये पहिली दुकानं १९७८ साली उघडली आणि ऐंशीच्या दशकाच्या शेवटी, तिथे पैसा वाहत होता तेव्हा, घरोघरी अशा बॅगा आल्या. त्याच बॅगा आता आजींच्या कपाटातून दुकानांत येतायत. वापरणारे लोक वस्तू जपणारे, विकणारे दोष लिहून ठेवणारे. हा धंदा तिथे केवढा मोठा आहे ते एका गोष्टीवरून लक्षात येईल. अभिनेत्री-गायिका जेन बर्किन यांच्यासाठी एर्मेस या फ्रेंच ब्रँडने बनवलेली सगळ्यात पहिली बर्किन बॅग जुलै २०२५ मध्ये पॅरिसच्या लिलावात सुमारे ८६ लाख युरोंना गेली, आणि ती घेणारी व्हॅल्युएन्स ही जपानची सेकंडहँड वस्तूंचा व्यापार करणारी कंपनी आहे.

## १. निघण्यापूर्वी: काय हवंय ते एका ओळीत लिहा

"बघू, आवडली तर घेऊ" म्हणून गेलात तर फसाल. फसवेल कोणी नाही, तुम्हीच गोंधळाल. एकेका दुकानात शेकडो बॅगा काचेआड मांडलेल्या असतात आणि तासाभराने सगळ्या सारख्या दिसायला लागतात. लग्नाच्या बस्त्याला गेल्यावर चाळिसाव्या साडीला जे होतं तेच.

म्हणून घरीच एक ओळ लिहून काढा: ब्रँड, मॉडेल, आकार, रंग आणि जास्तीत जास्त किती येन. माझी ओळ होती, "लुई व्हितॉ, स्पीडी ३०, मोनोग्रॅम, ७५,००० येनच्या आत." यातला ३० हा आकडा बॅगेची सेंटिमीटरमधली लांबी आहे. घरातली पट्टी घेऊन एकदा मोजून बघा, फोटोवरून अंदाज हमखास चुकतो.

वापरणार कुठे, तेही ठरवा. लोकलने जाणार असाल तर शनेल या ब्रँडची कोकराच्या मऊ कातड्याची बॅग घेऊ नका. नखाचा ओरखडासुद्धा तिच्यावर उमटतो. त्याच बॅगेत 'कॅव्हिअर' नावाचा दाणेदार कातड्याचा प्रकार मिळतो, तो पुष्कळ सोसतो. लुई व्हितॉचं मोनोग्रॅम हे तर चामडं नव्हेच, ब्रँडची अक्षरं छापलेलं, लेप दिलेलं कॅनव्हास आहे. पावसाच्या शिंतोड्यांना ते भीत नाही, भीती असते ती त्याच्या मुठी आणि पट्ट्यांच्या कच्च्या चामड्याला. आपल्या हवेला कॅनव्हास आणि दाणेदार कातडंच बरं, असं माझं मत आहे.

## २. सोबत काय ठेवायचं

- मूळ पासपोर्ट. झेरॉक्स किंवा फोनमधला फोटो करमाफीसाठी चालत नाही.
- तुमच्याच नावाचं कार्ड. बँकेच्या ॲपमध्ये 'आंतरराष्ट्रीय व्यवहार' सुरू केलेले असावेत आणि मर्यादा वाढवलेली असावी. आपली कार्डं मुळात फक्त देशातल्या वापरासाठी चालू असतात, हे बरेच जण टोकियोच्या काउंटरवर शिकतात.
- थोडे रोख येन.
- फोनमध्ये कॅमेऱ्याने भाषांतर करणारं ॲप, जपानी भाषा आधीच उतरवून घेतलेली.
- छोटी विजेरी. फोनचीही चालेल, पण फोनवर भाषांतर चालू असताना दुसरा उजेड हाताशी असलेला बरा.
- मोजपट्टी.
- एक पांढरा सुती रुमाल. कशासाठी ते पाचव्या पायरीत सांगते.

अत्तर लावून जाऊ नका. त्याचंही कारण तिथेच येईल.

## ३. कुठे जायचं

शिंजुकु, गिंझा आणि ओमोतेसांदो हे टोकियोतले तीन भाग पुरेसे आहेत. सुरुवात कोमेह्योपासून करा. १९४७ साली नागोयाच्या ओसू भागात जुन्या कपड्यांचं दुकान म्हणून ते सुरू झालं आणि आता या धंद्यातल्या सगळ्यात मोठ्या नावांपैकी एक आहे. शिंजुकुच्या त्यांच्या दुकानात मजल्यांवर मजले आहेत. ब्रँड ऑफ, दाइकोकुया आणि रॅगटॅग यांच्याही शाखा आहेत. दाइकोकुयात परकीय चलन आणि गिफ्ट कूपनंही विकतात, त्यामुळे चुकीच्या दुकानात शिरलो की काय असं वाटेल. तसं काही नाही. ओमोतेसांदोचं आमोरे हे जुन्या शनेलसाठी प्रसिद्ध आहे. तिथे नुसतं बघायला गेलात तरी वेळ वाया जाणार नाही.

'शिचिया' म्हणजे गहाणवटीची दुकानं. गहाण ठेवून परत न सोडवलेल्या वस्तू यांच्याकडे विकायला असतात आणि किमती कधीकधी कमी असतात, पण इंग्रजी बोलणारं कोणी असेलच असं नाही. वहिनी नसत्या तर मी एकाही शिचियात शिरले नसते.

दुकान अधिकृत आहे का हे ओळखायला सोपी खूण आहे. जुन्या वस्तूंचा व्यापार करायला जपानमध्ये १९४९ च्या कायद्यानुसार परवाना लागतो. तो पोलिसांमार्फत मिळतो आणि त्याची गडद निळी, पांढऱ्या अक्षरांची, बारा आकडी क्रमांकाची छोटी पाटी दुकानात लावावी लागते. गल्ल्याजवळ नजर टाका. काही दुकानांवर 'एएसीडी' असंही दिसेल. बनावट मालाला आळा घालण्यासाठी व्यापाऱ्यांनीच १९९८ साली काढलेली ही संघटना आहे. ती खूण असली तर बरंच, नसली म्हणून दुकान वाईट असं नाही.

रस्त्यात कोणी "ब्रँड बॅग, चीप" म्हणत वरच्या मजल्यावर न्यायला लागला तर मान हलवून चालू पडा.

पहिल्या दिवशी काहीही विकत घेऊ नका. फक्त बघा, टॅगचे फोटो घ्या (आधी विचारून, "शाशिन, ईई देस का?") आणि रात्री खोलीवर बसून किमती ताडून बघा. एकाच मॉडेलची, एकाच दर्जाची बॅग दोन गल्ल्यांपलीकडे दहा-पंधरा हजार येन स्वस्त असू शकते. घासाघीस तिथे करत नाहीत. आपली सवय हॉटेलात ठेवून निघा. फार तर "पर्यटकांसाठी कूपन आहे का?" एवढं विचारता येतं.

## ४. टॅग वाचायला शिका

या लेखातली एकच पायरी वाचणार असाल तर ही वाचा.

प्रत्येक बॅगेला टॅग असतो आणि त्यावर दर्जाचं अक्षर असतं. साधारण क्रम असा: एन किंवा एस म्हणजे न वापरलेली किंवा तशीच दिसणारी, ए म्हणजे थोडी वापरलेली, एबी म्हणजे वापराच्या खुणा आहेत, बी म्हणजे खुणा ठळक आहेत, सी म्हणजे दुरुस्ती लागेल किंवा दोष मोठा आहे. ही अक्षरं सरकारी नाहीत. एका दुकानाचा ए दुसऱ्याचा एबी असतो. अक्षरावरून दोन दुकानांची तुलना करू नका, एकाच दुकानातल्या दोन बॅगांची करा.

अक्षराखाली बारीक जपानी मजकूर असतो. खरी माहिती तिथेच असते. त्यावर ॲपचा कॅमेरा धरा आणि हे शब्द येतात का बघा. सेल्समनला तोंडी विचारलंत तरी ते हेच शब्द वापरतील:

- काडोसुरे: कोपरे घासलेले. बहुतेक बॅगांना असतंच, पण आतलं कॅनव्हास किंवा दोरा दिसत असेल तर सोडा.
- किझु: ओरखडा.
- योगोरे: मळ.
- शिमि: डाग, बहुधा पाण्याचा. कच्च्या चामड्यावरचा निघत नाही.
- निओइ: वास.
- हागारे: लेप किंवा रंग सुटून निघालेला.
- बेतात्सुकी: चिकटपणा. माझ्या टॅगवर हाच होता.

बेतात्सुकीबद्दल थोडं सविस्तर, कारण आपल्या हवेत घात तोच करतो. जुन्या अनेक बॅगांच्या आतल्या खिशांना आणि अस्तराला पॉलियुरेथेनसारखा लेप असतो. हवेतल्या बाष्पाने हा लेप हळूहळू तुटत जातो, आधी चिकट होतो, मग पापुद्रे सुटतात. कपाटात जपून ठेवलेले बूट चार वर्षांनी काढावेत आणि मांडवातच तळवा सुटावा, त्यामागेही हेच कारण. बॅग वापरली की नाही याच्याशी याचा संबंध नाही. न वापरलेल्या, एस दर्जाच्या, तीस वर्षं जुन्या बॅगेचंही अस्तर चिकट असू शकतं. जपानच्या कोरड्या हिवाळ्यात, वातानुकूलित दुकानात 'किंचित' चिकट असलेला खिसा डोंबिवलीच्या, रत्नागिरीच्या किंवा पणजीच्या एका पावसाळ्यात लगदा होतो. टॅगवर 'किंचित' लिहिलेलं असलं तरी मी आता ती बॅग खाली ठेवते.

आणखी एक शब्द: फुझोकुहिन, म्हणजे बरोबर काय काय मिळणार. कुलूप, किल्ली, पट्टा, कापडी पिशवी, खोका. टॅगवर लिहिलेलं सगळं समोर ठेवून मोजून घ्या. खोका नसला तर मी तर खूशच होते, सामानात जागा कोण देणार?

शनेलची झाकणवाली बॅग शोधत असाल तर तिथे 'क्लासिक फ्लॅप' म्हणून विचारू नका. जपानी दुकानांत तिला 'मातोरास्से' म्हणतात.

## ५. बॅग हातात आली की

काचेचं दार स्वतः उघडू नका. "मिसेते कुदासाई" म्हणजे "दाखवा ना". सेल्सगर्ल हातमोजे घालून बॅग मखमली तबकात आणून ठेवेल. तुम्हाला घाई करायची गरज नाही, तीही करत नाही. अर्धा तास बघून "नको" म्हटलं तरी तीच हसून कमरेत वाकते. मला आधी फार ओशाळल्यासारखं व्हायचं.

क्रम उलटा ठेवा, आधी आतून.

नाक. बॅग उघडा आणि सरळ आत नाक घाला. सिगारेट, डांबरगोळी, बुरशी, कोणाचं तरी तीस वर्षांपूर्वीचं अत्तर. चामड्यातला सिगारेटचा वास जात नाही, जाहिराती काहीही म्हणोत. तुम्ही स्वतः अत्तर लावून गेलात तर कळणारच नाही, म्हणून वर तसं लिहिलं.

बोटं. प्रत्येक खिशात, अगदी तळापर्यंत, कोपऱ्यात. बोट दाबून दोन सेकंद ठेवा आणि उचला. उचलताना जराही ओढ जाणवली तर तीच बेतात्सुकी. मग रुमाल: परवानगी घेऊन खिशाच्या आत एकदा पुसा. पांढऱ्या रुमालावर रंग किंवा भुकटी आली तर अस्तर सुटायला लागलंय.

विजेरी. आतल्या शिवणी, पेनाच्या शाईचे डाग, लिपस्टिक. दुकानातला पिवळा उजेड बरंच काही लपवतो, तेव्हा रंगासाठी बॅग खिडकीपाशी न्यायची विनंती करा. काळी बॅग खिडकीपाशी करडी निघालेली मी पाहिली आहे.

आता बाहेर. तळाचे चारही कोपरे. चेन तीनदा उघडा-मिटा. पट्ट्याची भोकं ताणलेली आहेत का आणि पट्टा जिथे बॅगेला जोडलाय तिथे भेग आहे का, ते बघा; ओझं तिथेच येतं. मुठी: लुई व्हितॉचं कच्चं चामडं नवं असताना फिकट असतं आणि उन्हाने, हाताने मधासारखं गडद होत जातं. तो दोष नव्हे, कित्येकांना तोच रंग हवा असतो. पण मुठीच्या मधोमध काळपट, कडक, तडकलेलं चामडं दिसलं तर ते घामाने वाळलेलं आहे आणि मूठ बदलावी लागेल. संपूर्ण बॅग गडद झाली असताना मूठ मात्र कोरी, फिकट असेल तर ती बदललेली आहे. कंपनीने बदलली की कोणी दुसऱ्याने, ते विचारा. दुसऱ्या कोणाकडून दुरुस्त करून घेतलेल्या बॅगेला कंपनी पुढे हात लावत नाही.

## ६. खरी की खोटी

परवाना असलेल्या मोठ्या दुकानातून घेताय तर ही चिंता पाचव्या पायरीतल्या तपासणीच्या मागे ठेवा. त्यांच्याकडे बॅगा पारखणारी माणसं पगारावर असतात. तरी स्वतःला चार गोष्टी कळलेल्या बऱ्या.

लुई व्हितॉच्या जुन्या बॅगांत आत एका चामड्याच्या पट्टीवर किंवा खिशात दोन अक्षरं आणि चार आकडे असतात. १९९० ते २००६ पर्यंत पहिला आणि तिसरा आकडा मिळून महिना, दुसरा आणि चौथा मिळून वर्ष. म्हणजे ००९५ असेल तर सप्टेंबर २००५. २००७ पासून महिन्याऐवजी आठवडा आला: ३१२४ म्हणजे २०१४ चा बत्तिसावा आठवडा. मार्च २०२१ पासून त्यांनी हे आकडे बंद करून आत चिप बसवायला सुरुवात केली, त्यामुळे नव्या बॅगेत आकडे सापडले नाहीत म्हणून घाबरू नका. शनेलमध्ये ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून क्रमांकाचा स्टिकर असायचा, २०२१ पासून त्या जागी छोटी धातूची पट्टी आली.

आकडा बरोबर आहे म्हणून बॅग खरी, असं होत नाही. नकली बनवणाऱ्यांनाही आकडे लिहिता येतात. आकडा फक्त वय सांगतो, आणि मला वयच हवं असतं: वय कळलं की अस्तराबद्दल किती सावध राहायचं ते कळतं.

स्पीडी बघताना एक गंमत. मोनोग्रॅमचं कापड तळाखालून एकसंध येतं, म्हणून एका बाजूची अक्षरं सुलटी आणि दुसऱ्या बाजूची उलटी असतात. माझ्या शेजारी एक आपल्याकडचंच जोडपं उभं होतं, त्यांनी उलटी अक्षरं बघून "नकली दिसतेय" म्हणत एक चांगली बॅग परत केली. मी गप्प बसले. मग तीच घेतली.

## ७. पैसे आणि करमाफी

जपानमध्ये उपभोग कर १० टक्के आहे आणि पर्यटकाला तो माफ होतो. एका दुकानात एका दिवशी करविरहित ५,००० येन किंवा जास्त खरेदी हवी आणि जपानमध्ये येऊन सहा महिने झालेले नसावेत. 'मेन्झेई' असं विचारा. सगळी छोटी दुकानं ते देत नाहीत.

मी गेले तेव्हा पासपोर्ट दाखवून काउंटरवरच कर वजा होत असे. ७१,५०० ची बॅग ६५,००० येनला पडली, म्हणजे तेव्हा सुमारे ३७,५०० रुपये. १ नोव्हेंबर २०२६ पासून पद्धत बदलते: आधी करासकट सगळे पैसे भरायचे, खरेदीपासून ९० दिवसांच्या आत देश सोडताना विमानतळावर कस्टमची नोंद करायची आणि मग कर परत मिळतो. म्हणजे कार्डावर तेवढी जास्त रक्कम हवी आणि विमानतळावर जास्त वेळ. वस्तू दाखवायला सांगू शकतात, त्यामुळे बॅग चेक-इनच्या सुटकेसमध्ये आधीच कोंबून टाकू नका.

यातले सापळे:

नातेवाइकाच्या कार्डाने पैसे देऊ नका. मामेभाऊ प्रेमाने म्हणाला, "ताई, माझ्या कार्डावर घे, पॉइंट मिळतात." पण पासपोर्ट माझा आणि कार्ड त्याचं असेल तर दुकान करमाफी नाकारतं. तो तिथला रहिवासी असल्यामुळे त्याच्या नावावर तर ती मिळतच नाही.

मशीन विचारेल, येनमध्ये की रुपयांत? नेहमी येन. रुपये निवडलेत तर दर ते मशीन लावतं, आणि तो तुमच्या सोयीचा नसतो. आपल्या बँकेचं परकीय चलनाचं शुल्क वेगळं लागतंच. अनेक कार्डांवर ते २ ते ३.५ टक्के असतं आणि त्यावर जीएसटी. किमतीचा हिशेब करताना हे धरा.

परत करण्याचा विचार मनातून काढून टाका. जुन्या वस्तू आवडली नाही म्हणून परत घेत नाहीत. बनावट निघाली तर काय, एवढं मात्र विचारून ठेवा.

बिल कसं असावं? मॉडेलचं नाव, किंमत, तारीख आणि 'चूको', म्हणजे जुनी वस्तू, असा उल्लेख. नुसतं "बॅग, १ नग" असेल तर तपशील लिहून मागा, ते देतात. त्याचं काम मुंबईला उतरल्यावर आहे.

## ८. या बॅगा कितीही स्वस्त असल्या तरी नकोत

मगर, सुसर, अजगर, घोरपड यांच्या कातड्याच्या. जपानच्या दुकानांत त्या उघड, कायदेशीरपणे विकायला असतात आणि जुन्या असल्या की किमती मोहात पाडतात. पण अशी कातडी सायटिस या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात येतात, सीमा ओलांडायला परवाने लागतात आणि आपल्याकडे वन्यजीव कायदा आहे. मुंबईला बॅग जप्त झाली तर पैसे गेलेच, वर उत्तरं द्यायची. बॅग कापडाची असून फक्त मूठ अजगराची असते, तेही बघा. टॅगवर 'पायथन', 'क्रोको' किंवा 'लिझर्ड' दिसलं की पुढे चला.

एर्मेसच्या 'हिमालय' बर्किनचं नाव ऐकून आपल्याकडच्या लोकांना भलताच जिव्हाळा वाटतो. ती मगरीचीच असते, नाव फक्त बर्फाच्छादित डोंगरासारख्या रंगावरून आहे.

## ९. परतताना कस्टम

मी परतले तेव्हा २०१६ चे बॅगेज नियम लागू होते. त्यांत भारतात राहणाऱ्या प्रवाशाला परदेशातून आणलेल्या वस्तूंवर एकूण ५०,००० रुपयांपर्यंत सूट होती. त्यावरच्या रकमेवर ३५ टक्के शुल्क आणि त्या शुल्कावर १० टक्के अधिभार, म्हणजे एकूण ३८.५ टक्के. बॅग ७०,००० रुपयांची असेल तर वरच्या २०,००० वर ७,७०० रुपये. या रकमा आणि दर बदलतात, तेव्हा निघायच्या आठवड्यात सीबीआयसीच्या (केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या) संकेतस्थळावर चालू नियम बघा आणि बॅगेची वरची मर्यादा त्यावरून ठरवा.

लोक दोन ठिकाणी चुकतात. सूट एकूण सामानाला असते, एकट्या बॅगेला नाही. तांदूळ शिजवायचा कुकर आणि पोरांची खेळणीही त्यातच. दुसरं, नवरा-बायकोच्या सुटी एकत्र करून एका बॅगेवर लावता येत नाहीत.

बिल नसेल तर अधिकारी नव्या बॅगेची किंमत बघून मूल्य ठरवू शकतो आणि जुन्या बॅगेवर नवीचं शुल्क बसतं. म्हणून ते 'चूको' लिहिलेलं बिल हातातल्या पिशवीत, चटकन सापडेल असं.

"खांद्याला लावून बाहेर पड, कोण विचारतंय" हा सल्ला मला विमानातच तिघींनी दिला. मर्यादेच्या वर असाल तर लाल मार्गाने जा आणि सांगा. शुल्क भरून दहा मिनिटांत बाहेर पडता येतं. लपवताना सापडलात तर दंड वेगळा, आणि रांगेतले लोक बघत असतात तो वेगळाच.

## १०. घरी आल्यावर

बॅग आणल्या दिवशी उघडी ठेवून सावलीत दोन दिवस वारा द्या. ऊन नको.

आत कागद भरून आकार टिकवा, पण वर्तमानपत्र नको, शाई अस्तराला लागते. कोरा, पातळ कागद किंवा जुने सुती कपडे चालतात. मुठीवर टांगून ठेवू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत तर अजिबात नको, आतली ओल आतच राहते आणि बुरशी धरते. डांबरगोळ्या टाकू नका, सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि त्या पावसाळ्यात महिन्याला बदला. जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी बॅग बाहेर काढून खिशात बोट घालून बघायचं.

जुन्या बॅगेचं काय झालं, हे वहिनींनी परवाच विचारलं. आमच्या स्टेशनजवळच्या बॅग दुरुस्त करणाऱ्या काकांनी तो लगदा खरवडून काढला आणि नवा खिसा शिवला. कंपनी आता तिला दुरुस्तीला घेणार नाही, न घेवो. खिशासाठी कापड काय वापरू, असं काकांनी विचारलं तेव्हा मी आईच्या जुन्या इरकलीचा तुकडा दिला. उरलेल्या इरकलीच्या दोन पिशव्या शिवल्या. एकीत ती बॅग असते, दुसरीत स्पीडी.